श्यामलाताईंनी पाऊस घासला

लंडनमधल्या हॅरोत गौरी-गणपतीच्या आधीच्या आठवड्यात एक मिरवणूक निघते. तिला ढोल नसतात, ताशे नसतात, कौन्सिलची परवानगीही लागत नाही. माणसं एकेकटी, सुपरमार्केटच्या पिशव्या छातीशी धरून, जरा खालमानेनं श्यामला देवस्थळींच्या दाराशी येतात आणि बेल दाबतात. पिशव्यांत चांदी असते. ताम्हनं, निरांजनं, कुणाची अत्तरदाणी, कुणाच्या बारशातला वाटी-चमचा. वर्षभर लॉफ्टमध्ये पडून काळवंडलेलं सगळं. मान खाली अशासाठी, की श्यामलाताई आधी पिशवीत बघतात आणि मग पिशवी आणणाऱ्याकडे बघतात.

"वरदा, ही निरांजनं आहेत की बार्बेक्यूचे कोळसे?"

"काकू, वेळच नाही मिळाला हो. घरून काम असलं तरी मीटिंग्ज..."

"निरांजनाला कसली मीटिंग? ठेव तिथे. गुरुवारी ने."

गुरुवारी तीच निरांजनं अशी पांढरीशुभ्र होऊन परत जातात, की त्यात वात लावायला जीव धजत नाही. मजुरी म्हणून फक्त बोलणी खावी लागतात, आणि त्यात घासाघीस चालत नाही.

श्यामलाताईंचं वय सदुसष्ट, उंची बेताची, आणि डाग दिसला की हात शिवशिवायला लागतात. लग्न होऊन सांगलीहून आल्या आणि थोड्याच दिवसांत एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर लागल्या, त्या निवृत्त होईपर्यंत तिथेच. दुकान सुटलं, सवय सुटली नाही. समोरच्याच्या नाकावरचा चष्मा अलगद उचलायचा, बोलणं न थांबवता कार्डिगनच्या टोकानं पुसायचा आणि पुन्हा नाकावर बसवायचा. यातून पोस्टमन सुटला नाही, बोरिवलीहून आलेले गुरुजी सुटले नाहीत. लेकीनं, चैत्रालीनं, होणाऱ्या नवऱ्याला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा बिचारा अनुप सासूच्या पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं काही न दिसता देत होता.

"आमच्या घरात धूळ येत नाही असं नाही," सतीशराव पाहुण्यांना सांगतात, "पण येते ती पुढच्या दारानं आणि जीव मुठीत धरून मागच्या दारानं पळते." सतीशराव म्हणजे श्यामलाताईंचे यजमान, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. बायको घासायला लागली की आपण पाय वर घेऊन बसायचं, हा त्यांचा संसाराचा सिग्नल.

देवस्थळ्यांच्या भिंतीला भिंत लागून मॉरीनचं घर. मॉरीन चौऱ्याहत्तर वर्षांची, जन्मभर बस चालवलेली, आवाजानं अजूनही बस चालवणारी. तिच्या सिंकमध्ये कालचे कप असतात, बागेत परवाचं वाळत घातलेलं असतं, खिडकीची काच कुठल्या रंगाची आहे यावर दुमत होऊ शकतं. अशा बाईशी श्यामलाताईंची पंचवीस वर्षांहून जास्त गट्टी कशी टिकली, हे हॅरोतल्या महाराष्ट्र मंडळाला न सुटलेलं कोडं आहे. पण टिकली. चैत्रालीला कांजिण्या झाल्या तेव्हा रात्रपाळी करून आलेली मॉरीन तिच्याजवळ बसली. केन, म्हणजे मॉरीनचा नवरा, गेला तेव्हा महिनाभर तिचा वरणभात या घरातून गेला. मॉरीन त्यांना 'शॅम' म्हणते. देवस्थळ्यांच्या घरात श्यामलाताईंचं नाव निम्मं करण्याची हिंमत दुसऱ्या कुणाची झालेली नाही.

मॉरीनच्या डाव्या मनगटात चांदीचं एक रुंद कडं होतं. केन निवृत्त झाला तेव्हा दोघं अमेरिकेला गेली होती आणि तिथल्या वाळवंटात त्यानं ते तिला घेऊन दिलं. कड्यावर ढग होते, ढगांखाली पावसाच्या सरळ रेघा आणि कडेनं पाण्याच्या गुंडाळलेल्या लाटा. गुळगुळीत चांदीत हे सगळं खोलगट कोरलेलं, आणि त्या खोलगट भागात काळं भरलेलं. निदान मॉरीन तसं म्हणाली असती. श्यामलाताईंच्या मते मात्र ते भरलेलं नव्हतं, साचलेलं होतं. वर्षानुवर्षांचं. बसचं ग्रीस, बागेतली माती, बेकनचा धूर. चहाचा कप तोंडाला लावता लावता त्यांची नजर त्या कड्यावर जायची आणि हात टेबलाखाली एकमेकांना आवरून धरायचे. 'मैत्रिणीला तिच्या हातातला मळ दाखवायचा नसतो,' असं त्या स्वतःला समजावायच्या. जगात इतका संयम त्यांनी दुसऱ्या कुठल्याच गोष्टीत दाखवला नव्हता.

मग मॉरीनचं हिपचं ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटलनं बजावलं, दागिने घरी ठेवून या. निघताना तिनं साबण लावून कडं मनगटातून सोडवलं आणि श्यामलाताईंच्या तळहातावर ठेवलं.

"शॅम, हे तुझ्याकडे. केन गेल्यापासून काढलेलं नाही. घरात ठेवून जायला नको वाटतं."

"डोळ्यात तेल घालून जपते," श्यामलाताई म्हणाल्या. आणि मनात म्हणाल्या, 'तू येशील तेव्हा ओळखू येणार नाही बघ तुला.' तेवढं मात्र अक्षरशः खरं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ, पूजा, सगळं आटोपून त्यांनी कड्याला हात घातला. आधी पातेल्यात चांदीचा कागद, म्हणजे किचन फॉइल, त्यावर खायचा सोडा, वर उकळतं पाणी. त्यात कडं बुडवलं. बुडबुडे आले, सडका वास आला. "निघतोय, निघतोय," श्यामलाताई आनंदानं पुटपुटल्या. मग भारतातून सुटकेसमधून खास आणलेली पांढरी टूथ पावडर. मग ब्रशची जोडी, सपाट भागाला मोठ्यांचा, कोपऱ्यांना लहान मुलांचा. ढगाच्या पोटात बारीक बारीक रेघा ठोकलेल्या होत्या. त्या रेघांत काळं असं चिवटपणे बसलेलं, की त्यांच्या अंगात वीरश्री संचारली. एकेक ढग त्यांनी कान धरून न्हाऊ घालावा तसा घासला. पावसाची एकही रेघ सोडली नाही. शेवटी मलमलच्या फडक्यानं पुसून त्यांनी कडं खिडकीशी नेलं.

लखलखत होतं. दिव्यासारखं लखलखत होतं. आणि त्यावर काहीही नव्हतं.

सतीशराव पेपर बाजूला ठेवून आले. त्यांनी कडं उजेडात फिरवलं, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा नाकावर आणला.

"ढग कुठे गेले?"

"आहेत की. नीट बघा."

"नीटच बघतोय. ढगात चांदी, बाहेर चांदी. पाऊस पडतोय की थांबलाय तेच कळत नाही."

श्यामलाताईंनी कड्याचा फोटो काढून लेकीला पाठवला. त्यांनी नॉटिंगहॅमला फोन लावला. चैत्राली तिथल्या एका हॉस्पिटलात फिजिओ आहे, मराठी आवेशानं बोलते आणि व्याकरणाला वाटेत सोडून देते. फोटो पाहून तिनं पाच मिनिटांत परत फोन केला.

"आई, हा होपी लोकांचा काम आहे. ॲरिझोनात राहतात ते, उंच सपाट डोंगरांवर, शेकडो वर्षांपासून. त्यांचे सोनार दोन पत्रे घेतात चांदीचे. वरच्या पत्र्यात बारीक करवतीनं डिझाइन कापून काढतात आणि तो खालच्या पत्र्यावर सोल्डर करतात. मग भोकातून जो खालचा पत्रा दिसतो ना, तो मुद्दाम काळा करतात. मुद्दाम, आई! तो घाण नव्हता, तीच चित्र होती!"

"मुद्दाम?" श्यामलाताई म्हणाल्या. चांदी मुद्दाम काळी करणारी माणसं जगात असतील, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. खुर्ची ओढून बसल्या. "आणि आता?"

"आता मॉरीन आंटीला सांग."

"तिचं कालच ऑपरेशन झालंय, आत्ता कसं सांगू?"

"आई."

"बरं, बघते."

त्यांनी जे बघितलं, ते सांगण्यासारखं नाही, पण सांगायला हवं. देवघराच्या खणातून त्यांनी काजळाची डबी काढली. डोळ्यांना चालतं ते ढगांना का नाही चालणार, असा विचार. काडीला कापूस गुंडाळून त्या दुपारभर ढग भरत बसल्या. ढग भरले, पाऊस भरला, लाटा भरल्या. लांबून खरंच बरं दिसायला लागलं. मग सतीशरावांनी ते कडं कौतुकानं हातात घेतलं, त्यांचा अंगठा काळा झाला, तोच अंगठा त्यांनी कपाळाला लावला, आणि तीट लावलेल्या बाळासारखे ते बायकोसमोर उभे राहिले.

"सांगून टाक तिला, श्यामला," ते हळूच म्हणाले. "हे हातात घालून ती टीव्हीसमोर बसली, तर सोफ्यावर पाऊस पडेल."

श्यामलाताई हसल्या नाहीत. त्यांनी काजळ धुऊन टाकलं. हरायचं तर स्वच्छ चांदीनिशी, एवढाच मान आता उरला होता.

वॉर्डात मॉरीन उशांना टेकून बसली होती आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला बसचा कुठला मार्ग कुणी कसा बंद पाडला ते सांगत होती. श्यामलाताईंनी शिऱ्याचा डबा पुढे केला, तब्येत विचारली, जेवण विचारलं, खिडकीतून काय दिसतं ते विचारलं. मग विचारायला काही उरलं नाही, तेव्हा रुमाल उलगडून कडं चादरीवर ठेवलं.

"मॉरीन, मी हे घासलं. मला वाटलं मळ आहे."

मॉरीननं कडं उचललं. आतल्या बाजूला घडवणाऱ्याची खूण ठोकलेली होती, आधी ती पाहिली. म्हणजे कडं तेच होतं. मग ढगांवरून अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. बस चालवणारा तो आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक.

"तुला एवढी वर्षं तो मळ वाटत होता?"

श्यामलाताईंना खोटं बोलता येत नाही. "हो," त्या म्हणाल्या.

"आणि माझ्यासोबत चहा पीत होतीस."

"हो."

"केननं हे त्या माणसाच्या स्वयंपाकघरात बसून घेतलं, शॅम. चूल एकीकडे, त्याचं कामाचं टेबल एकीकडे. वरच्या पत्र्यातून कापून निघालेला ढगाचा तुकडा त्यानं केनच्या हातावर ठेवला होता." ती थांबली. "आता तू जा. मी थकले."

शिऱ्याचा डबा तिनं उघडला नाही, तो तसाच परत आला. परतीच्या बसमध्ये श्यामलाताई समोरच्या सीटवरच्या डागाकडे बघत बसल्या आणि तो डाग आहे हेही त्यांच्या लक्षात आलं नाही, यावरून त्यांची अवस्था समजावी.

मॉरीनला तिच्या भाचीनं घरी आणून सोडलं. दोन दिवस भिंतीपलीकडून टीव्हीचा आवाज येत राहिला, पण हाक आली नाही. श्यामलाताईंनी दोनदा आमटी केली आणि दोनदा दारापर्यंत जाऊन परत आणली. त्या आठवड्यात वरदानं कसलीशी समई घासायला आणली, ती त्यांनी न बघता खाली ठेवून घेतली. एक शब्द बोलल्या नाहीत. वरदा घाबरून सतीशरावांना विचारून गेली, "काकूंना बरं नाही का?"

तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर कुबडीचे तीन ठोके पडले. श्यामलाताई चपला उलट्यासुलट्या घालून धावल्या.

मॉरीन दारातच उभी होती, दोन कुबड्यांवर, कार्डिगनच्या खिशात कडं. "माझ्या आईनं आम्हाला उकडलेलं अंडं कधी चांदीच्या चमच्यानं खाऊ दिलं नाही," ती म्हणाली. "चमचा काळा पडतो म्हणून. त्या होपी माणसानंही हेच सांगितलं होतं. तो गंधकाचं औषध वापरायचा, पण हसून म्हणाला, अंड्यातही गंधक असतं, जपून खा, नाहीतर वरची चांदीही काळी होईल. रात्रभर मला झोप नाही. पडल्या पडल्या हे आठवलं."

"म्हणजे अंडं..."

"तू पांढरं केलंस, तूच काळं करायचं. तुझ्या स्वयंपाकघरात. मला उभं राहता येत नाही आणि माझं पातेलं कुठे आहे मला माहीत नाही."

देवस्थळ्यांच्या स्वयंपाकघरात आजवर अंडं आलेलं नव्हतं. केकसुद्धा एगलेस. श्यामलाताईंनी क्षणभर देवघराकडे पाहिलं, देवघराचा पडदा ओढून घेतला आणि म्हणाल्या, "अहो, सहा अंडी आणा."

सतीशराव अंडी घेऊन आले, तीही तारीख बघून. पाणी चढवलं. मग ते सहज बोलून गेले, "उकळी आल्यावर दहा मिनिटं ठेव, मग लगेच गार पाण्यात टाक. नाहीतर कवच सोलताना पांढरं सगळं त्यालाच चिकटून येतं."

श्यामलाताईंनी गॅस बारीक केला.

"हे तुम्हाला कसं माहीत?"

सतीशराव खिडकीबाहेर बघायला लागले. मॉरीननं उंच खुर्चीत बसल्या बसल्या तोंडावर हात ठेवला.

"शनिवारी सकाळी तुम्ही केनकडे कुंपण दुरुस्त करायला जायचात," श्यामलाताई सावकाश म्हणाल्या. "बावीस वर्षं."

"कुंपणही करायचो," सतीशराव म्हणाले.

मॉरीनला हसू आवरेना. हसताना नवा सांधा दुखायला लागला, तरी हसत राहिली. हॉस्पिटलनंतर पहिल्यांदा तिनं श्यामलाताईंकडे सरळ बघितलं. सतीशरावांचा हिशेब मात्र तिथे मिटला नाही. तो रात्रीच्या जेवणानंतर सुरू झाला आणि अजून चालू आहे.

अंडी सोलली, गरम गरम कुस्करली, प्लॅस्टिकच्या डब्यात घातली. मध्ये एक वाटी उलटी ठेवून तिच्यावर कडं ठेवलं, अंड्याला शिवणार नाही असं, आणि झाकण घट्ट लावलं. वासाबद्दल न बोललेलंच बरं. श्यामलाताईंनी पदर नसताना नाकाला पदर लावल्यासारखा हात धरला होता.

थोड्या वेळानं सतीशराव डब्यात डोकावले. "सोनं झालं!" ते ओरडले.

खरंच कडं सोनेरी दिसत होतं. मग तांबूस झालं, मग मोरपिसासारखं जांभळं-निळं. दुपार कलली तेव्हा ते तव्यासारखं काळंकुट्ट होऊन बसलं होतं. ढगही काळे, आकाशही काळं. श्यामलाताईंनी ते दोन बोटांत उचललं. चांदी या रंगाला नेणं हे त्यांच्या दृष्टीनं पाप होतं, आणि ते त्यांनी दिवसभर खपून केलं होतं.

"आता वरचं तेवढं उजळायचं," मॉरीन म्हणाली. "फडकं लाकडाच्या ठोकळ्याला ताणून गुंडाळ. सैल धरलंस तर ढगात शिरेल. सपाट धर, सरळ ओढ. टेबलाशी बसून तो माणूस अगदी असंच करत होता."

ठोकळा म्हणून पोळपाटाचा तुटलेला पाय मिळाला. त्याला फडकं ताणून बांधलं, किंचित पावडर लावली, आणि श्यामलाताईंनी पहिला हात ओढला. काळ्यातून चांदीची एक पट्टी वर आली. तिच्या कडेला ढगाचा काठ उमटला, धारदार, जसा करवतीनं कापला असेल तसा. दुसरा हात, आणखी एक ढग. मग पावसाच्या रेघा, एकेक करून. आयुष्यभर त्यांनी चांदी घासली, पण घासता घासता चित्र उमटत गेलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मॉरीन पुढे वाकून बघत होती.

हात मात्र सुरूच राहिला. एका ढगाच्या कोपऱ्यापाशी सपाट चांदीवर अजून तपकिरी झाक होती. त्यांनी ती काढली. शेजारी आणखी एक दिसली. ठोकळा किंचित तिरपा झाला, फडक्याची कड ढगाच्या तोंडाशी टेकली.

"बास, शॅम."

"एवढंच..."

"बास."

श्यामलाताईंचा हात तिथेच थांबला. लाटेच्या खाली, अगदी कडेला, बोटभर लांबीचा एक डाग राहिला होता. चार वेळा ओढलं असतं तर गेला असता. तो डाग त्यांना दिसत होता, तो दिसतोय हे मॉरीनला दिसत होतं, आणि पाय वर घेऊन बसलेल्या सतीशरावांनाही दिसत होतं. ज्या बाईनं जन्मात कधी डाग पाहून हात मागे घेतला नव्हता, तिनं ठोकळा हळूच टेबलावर ठेवला.

मॉरीननं कडं खिडकीकडे धरलं. ढग होते. पाऊस होता.

"पहिल्यासारखं नाही झालं," ती म्हणाली.

"नाही," श्यामलाताई म्हणाल्या. "ढग जरा तपकिरी आलेत."

"तिथे ते दुकानातल्यासारखं नवं होतं, मग केनबरोबर जुनं झालं. आता हे तिसरं काहीतरी आहे." तिनं ते मनगटात सरकवलं, आणि दोन बोटांनी दाबून नीट बसवलं. "यात अंड्याचा वास येतोय."

"दोन दिवसांत जाईल. मी उद्या साबणाच्या पाण्यानं..."

मॉरीननं कार्डिगनची बाही ओढून कडं झाकलं. "ब्रश घेऊन माझ्या हाताजवळ आलीस तर कुबडी घालीन."

"साबणाचं पाणी म्हटलं. ब्रश कुणी म्हटलं?"

"तुझे हात म्हणाले."

श्यामलाताईंनी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसून राहिल्या. मॉरीननं हॉस्पिटलातून परत आलेल्या डब्यातला शिरा मागितला, तो फ्रीजमध्ये शिळा झालेला असला तरी चालेल म्हणाली. सतीशराव तो गरम करायला उठले.